वर्गाचा ब्लॉग: आधी वाचक ठरवा, मग खातं उघडा

प्राथमिक शाळेतले शिक्षक भेटले की एक प्रश्न हमखास निघतो: वर्गाचा ब्लॉग सुरू करायचाय, कुठून सुरुवात करू? मग पाठोपाठ बाकीचे प्रश्न येतात. मुलांचे फोटो टाकले तर चालतात का? पालकांची सही घ्यावी लागते का? पहिली-दुसरीच्या मुलांना हे जमेल का? शाळेत एकच स्मार्टफोन आहे आणि तोही माझा स्वतःचा, मग कसं करायचं? आणि सगळ्यात शेवटी, जरा चाचरत: पण वाचणार कोण?

माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवायला हवा. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला. त्या सुमारास जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांनी हौसेनं ब्लॉग काढले. शासन निर्णय, सराव चाचण्या, वर्णनात्मक नोंदींचे नमुने, कविता ऐकण्यासाठीच्या फाइली असं बरंच साहित्य त्यांवर आलं आणि शिक्षकांना त्याचा उपयोगही झाला. ते शिक्षकांनी शिक्षकांसाठी चालवलेले ब्लॉग होते. हा लेख मुलांनी लिहिलेल्या ब्लॉगबद्दल आहे. दोन्ही एकाच पत्त्यावर चालवू नका. शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकांच्या गर्दीत मुलांचं लेखन कुणाला सापडत नाही.

वाचक कोण, हे नावानिशी ठरवा

'सगळं जग वाचेल' हे आठ वर्षांच्या मुलाला सांगून काही होत नाही. त्याला वाचणारा माणूस माहीत असावा लागतो. तुमच्यापुढे साधारण हे पर्याय आहेत:

- वर्गातल्या मुलांचे पालक. सर्वांत सोपा पर्याय. कामानिमित्त पुण्या-मुंबईला किंवा सुरतला असलेला बाप, आजोळची माणसं असे वाचक मुलांना खरोखर महत्त्वाचे वाटतात.
- दुसरी एक शाळा. माझी पहिली पसंती याला. डोंगरातली शाळा आणि किनाऱ्यावरची शाळा, विदर्भातली एक आणि कोकणातली एक अशी जोडी जमवा. फ्रान्समधले सेलेस्ताँ फ्रेने हे खेडेगावातले शिक्षक १९२० च्या दशकात वर्गातच छोटं छपाईयंत्र ठेवून मुलांचं लेखन छापत आणि दूरच्या शाळेला पाठवत. तिकडून उत्तर येई, प्रश्न येत, मग पुन्हा लेखन होई. तुमच्या हातात छपाईयंत्राऐवजी फोन आहे, पद्धत तीच.
- गावाबाहेर गेलेले वर्गमित्र. बीड आणि आसपासच्या भागात दिवाळीच्या आगेमागे काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्या पालकांच्या फोनवर वर्गाचा ब्लॉग उघडतो. वर्गात काय चाललंय ते त्यांना कळतं आणि तिकडून पाठवलेला आवाजी निरोप तुम्ही त्यांच्या नावानं शब्दांत उतरवू शकता. हजेरीपटावर गैरहजर असलेलं मूल वर्गाच्या गप्पांत हजर राहतं. एवढ्या एका कारणासाठीही ब्लॉग काढावा असं मला वाटतं.
- परदेशातली मराठी शाळा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा बहुधा शनिवार-रविवारी भरतात. तिथल्या मुलांना सोपं, ताजं मराठी वाचायला हवं असतं आणि ते तुमच्या मुलांकडे आहे. उत्तरं सावकाश येतील, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

यातला एकच वाचक निवडा. त्याच्याकडून महिन्यातून दोनदा तरी प्रतिसाद येईल याची बोलणी करून मगच पुढं जा.

ब्लॉगची गरज आहे का, हेही तपासा

वाचक शाळेतच असतील तर भित्तिपत्रक पुरतं. वर्षातून एकदाच लेखन बाहेर काढायचं असेल तर हस्तलिखित अधिक देखणं होतं आणि टिकतं. पालकांपर्यंतच पोचायचं असेल तर व्हॉट्सॲपचा गट आहेच, पण तिथला मजकूर दोन दिवसांत 'शुभ सकाळ'च्या खाली गाडला जातो आणि मुलाला जूनमधलं स्वतःचं लेखन मार्चमध्ये काढून बघता येत नाही. ब्लॉगचा खरा फायदा इथं आहे: सगळं तारखेनिशी एका जागी राहतं आणि लांबचा माणूस उत्तर देऊ शकतो.

सहा आठवडे भित्तिपत्रक चालवून बघा. ते नियमित निघालं तर ब्लॉग चालेल. भित्तिपत्रकावर दोन महिने तोच कागद राहत असेल, तर ब्लॉगचंही तेच होईल.

कोणत्या इयत्तेला काय झेपतं

पहिलीत मूल चित्र काढेल आणि त्याबद्दल बोलेल. ते बोलणं तुम्ही त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहा. दुसरीत दोन-तीन वाक्यं स्वतःची. तिसरीपासून परिच्छेद, चौथी-पाचवीत मुलाखत, कृती, निरीक्षणांची मालिका. उदाहरणार्थ शाळेच्या आवारातल्या बाभळीवरच्या सुगरणीच्या खोप्याची दर आठवड्याची नोंद. बहुवर्ग शाळा असेल तर मोठ्यांनी धाकट्यांचं बोलणं लिहून घ्यावं. दोघांचाही अभ्यास होतो.

विषय देताना एक कसोटी लावा: हे मुलाशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत आहे का? 'माझा आवडता सण' किंवा 'पावसाळा' दिलात तर निबंधमालेतला मजकूर येईल. 'आमच्या घरी सगळ्यात आधी कोण उठतं आणि काय करतं', 'आमच्या गल्लीत रात्री कोणते आवाज येतात', 'आमच्या दुकानात उधारी कशी लिहितात' असं विचारलंत, तर ते निबंधमालेत सापडणार नाही.

वहीपासून पडद्यापर्यंत

सगळं शिकणं या टप्प्यात आहे, म्हणून इथं घाई करू नका. समजा, तिसरीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं:

"काल आमची शेळी याली. दोन पिल्लं झाली. मला खूप आनंद झाला."

हे तसंच टाइप करून टाकलंत तर ब्लॉगवर एक नोंद वाढेल, बाकी काही नाही. त्याऐवजी तिला हे वर्गात वाचू द्या आणि मुलांना फक्त प्रश्न विचारायला सांगा. चुका दाखवायच्या नाहीत, सल्ला द्यायचा नाही. दिवसा की रात्री? तू कुठं होतीस? पिल्लू लगेच उभं राहिलं का? दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लिहावं. ते काहीसं असं येतं:

"काल रात्री आमची शेळी याली. आजी म्हनली बॅटरी धर. मी धरली पण माझा हात हालत होता. पहिलं पिल्लू पडलं तवा हललंच नाही. आजीनं त्याच्या नाकात फुंकर मारली. मग ते शिंकलं."

आनंदाचं वाक्य तिनं आपणहून गाळलं, कारण आता त्याची गरज उरली नाही. आणि तुम्हाला इथं निर्णय घ्यायचाय: 'म्हनली' आणि 'तवा' दुरुस्त करायचं का? माझं म्हणणं, करू नका. ती तिची बोली आहे, चूक नव्हे. ऱ्हस्व-दीर्घाच्या, जोडाक्षराच्या ज्या गोष्टी वर्गात शिकवून झाल्या आहेत तेवढ्याच तिला स्वतःला शोधून सुधारू द्या. प्रमाणभाषेची ओळख पाठ्यपुस्तकातून होतेच आहे. ब्लॉगवर मूल स्वतःच्या आवाजात बोललं तर ते पुन्हा लिहायला येतं.

टाइप करण्याचे तीन मार्ग आहेत:

१. आवाजी टंकलेखन. फोनचा मराठी कीबोर्ड लावून मुलानं स्वतःचं लेखन मोठ्यानं वाचायचं. उच्चार पुसट झाला तर पडद्यावर भलताच शब्द उमटतो आणि मूल पुन्हा नीट वाचतं. हा वाचनाचा उत्तम सराव आहे. मात्र विरामचिन्हं बहुधा हातानं घालावी लागतात, आणि बोलीतले शब्द यंत्र परस्पर बदलतं, तेही तपासा.
२. कीबोर्डवर टंकलेखन. चौथी-पाचवीच्या मुलांना संगणकावर इन्स्क्रिप्ट शिकवा. मजकूर युनिकोडमध्येच असू द्या. कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं ब्लॉगवर निरर्थक अक्षरांसारखं दिसतं.
३. वहीच्या पानाचा फोटो. झटपट होतो आणि मुलाचं अक्षर दिसतं. पण छोट्या पडद्यावर वाचायला त्रास होतो, आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन फोटोतला मजकूर नीट वाचून दाखवेल याचा भरवसा नसतो. म्हणून फोटोखाली मजकूरही टाका.

आठवड्याला तीन नोंदी पुरेत. पटावर २४ मुलं असतील तर आठ आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. रोज नोंद टाकायचा संकल्प केलात तर शेवटी तुम्हीच लिहीत बसाल.

खातं कसं उघडायचं

ब्लॉगर ही गूगलची सेवा मोफत आहे आणि मराठीत नीट चालते. वर्डप्रेस डॉट कॉमवरही मोफत ब्लॉग निघतो, पण त्यावर जाहिराती येऊ शकतात, म्हणून लहान मुलांसाठी मी ब्लॉगर सुचवते. पत्त्यासाठी पैसे भरू नका.

भारतात स्वतःचं गूगल खातं स्वतः चालवण्यासाठी किमान वय १३ आहे. तुमची मुलं सहा ते अकरा वर्षांची. तेव्हा मुलांची खाती उघडायची नाहीत आणि वय खोटं लिहून तर मुळीच नाही. वर्गाचं एक खातं, ते शिक्षकांनी चालवायचं. हे खातं तुमच्या वैयक्तिक ईमेलवर काढू नका. शाळेच्या नावानं नवा ईमेल काढा आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी फाइलला लावा.

पहिली नोंद टाकण्याआधी सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा:

- शोधयंत्रांना ब्लॉग दिसू न देण्याचा पर्याय निवडा. पत्ता ज्याला दिलाय तो वाचू शकतो, पण शाळेचं नाव शोधणाऱ्या अनोळखी माणसाला ब्लॉग सहजासहजी सापडत नाही.
- प्रतिक्रिया तुमच्या मंजुरीनंतरच दिसतील असं ठेवा. ही मंजुरी 'नेहमी' लागू करा.
- दुसऱ्या एका शिक्षकाला प्रशासक करा.

ब्लॉग फक्त निमंत्रितांसाठीही ठेवता येतो. त्यात सुरक्षितता जास्त असते, पण प्रत्येक वाचकाला ईमेलनं बोलवावं लागतं आणि अनेक पालक तिथंच अडकतात. जोडीची एकच शाळा वाचक असेल तर मात्र हाच पर्याय घ्या.

जे कधीच टाकायचं नाही

इथं मी कडक आहे, तुम्हीही राहा.

- मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांचा फोन. पहिलं नाव पुरतं. टोपणनाव त्याहून बरं. मुलांना स्वतःसाठी लेखननाव निवडू द्या, त्यांना ते मनापासून आवडतं.
- चेहरा दिसणारा फोटो. हात, चित्र, वही, पाठमोरा गट दाखवा. गणवेशावरचा शाळेचा बिल्लाही झाका.
- शाळेत येण्या-जाण्याची वाट आणि वेळ. 'मी रोज साडेपाचला ओढ्याकाठून एकटी घरी जाते' हे वाक्य कितीही सुंदर असलं तरी बदला, आणि का बदलतोय ते त्या मुलीला सांगा.
- फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटोबरोबर तीही जाऊ शकते. आधी बंद करा. फाइलला मुलाचं नाव देऊ नका.
- लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, जातीचे तपशील, गुणपत्रकं. 'सगळं एका ठिकाणी असावं' म्हणून अशा फाइली शाळांच्या ब्लॉगवर चढवल्या जातात. हे तातडीनं थांबायला हवं.
- पाठ्यपुस्तकातली किंवा चित्रपटातली कविता-गाणी. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. वर्गात शिकवणं वेगळं आणि उघड्या इंटरनेटवर पूर्ण कविता टाकणं वेगळं.

आणखी एक गोष्ट. मुलं खरं लिहू लागली की कधी घरातली मारहाण, दारू, भीती हेही वहीत येतं. असं लेखन ब्लॉगवर जात नाही आणि वर्गात वाचलंही जात नाही. मुलाशी एकांतात बोला, मुख्याध्यापकांना सांगा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. तिथं 'आधी घरच्यांना विचारू' असा विचार करत थांबू नका.

संमती आणि हक्क

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिची वैयक्तिक माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. दिलेली संमती मागे घेता येते आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं लागतं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतात. कोणती तरतूद कधी लागू होते याची वाट पाहू नका, संमती आजच लेखी घ्या.

पत्र लहान आणि स्पष्ट हवं. हा मसुदा वापरा:

"आमच्या वर्गाचा ब्लॉग आहे. त्यावर मुलांनी लिहिलेला मजकूर आणि काढलेली चित्रं येतात. ब्लॉगचा पत्ता ज्यांच्याकडे आहे ते सर्व तो वाचू शकतात. पाल्याचं पूर्ण नाव, चेहरा आणि पत्ता त्यावर येणार नाही. लेखन टाकण्यास: हरकत नाही / हरकत आहे. चित्रं टाकण्यास: हरकत नाही / हरकत आहे. आवाजाची नोंद टाकण्यास: हरकत नाही / हरकत आहे. ही परवानगी कधीही मागे घेता येईल आणि तसं सांगताच मजकूर काढला जाईल. परवानगी न दिल्यास पाल्याच्या अभ्यासावर किंवा मूल्यमापनावर परिणाम होणार नाही."

नुसतं पत्र घरी पाठवून सही मागवू नका. पालकसभेत फोनवर ब्लॉग उघडून दाखवा, पत्र मोठ्यानं वाचा, मग सही किंवा अंगठा घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ७५ टक्के सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीत विषय मांडून इतिवृत्तात नोंद करा. पुढं कुणी तक्रार केली तर ती नोंद कामी येते.

पालकांनी नाही म्हटलं तर त्या मुलाचं लेखन भित्तिपत्रकावर लावा. त्याला बाजूला बसवू नका. संपादक मंडळात, प्रश्न विचारण्यात ते इतरांइतकंच असतं. आणि मुलालाही विचारा. पालकांची सही आहे पण मूल नको म्हणतंय, तर नोंद टाकू नका.

लेखनाचा मालकही तेच मूल आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लिहिणारा हा पहिला हक्कदार असतो, नोंदणीची गरज नसते. एखाद्या दिवाळी अंकानं किंवा वर्तमानपत्रानं ब्लॉगवरचा मजकूर मागितला तर मुलाला आणि पालकांना विचारूनच द्या, आणि मुलाचं नाव छापायचं का हे त्यांना ठरवू द्या.

प्रतिक्रिया द्यायला शिकवा, मोठ्यांनासुद्धा

'छान', 'खूप छान', अंगठ्याचं चित्र. अशा तीस प्रतिक्रिया आल्या तरी मुलाच्या हाती काही लागत नाही. भित्तिपत्रकाच्या दिवसांतच चिठ्ठ्या चिकटवून सराव घ्या: लेखनातली एक गोष्ट नाव घेऊन सांगायची आणि एक प्रश्न विचारायचा. "पिल्लू शिंकलं ते वाचून बरं वाटलं. शेळीनं त्याला चाटलं का?" एवढं पुरे.

मोठ्यांची अडचण वेगळी असते. एखादे काका शुद्धलेखनाच्या चुका मोजतात, एखादे वरिष्ठ शाळेच्या प्रगतीबद्दल अभिनंदन करून जातात. पहिल्या प्रकारची प्रतिक्रिया मंजूर करू नका आणि त्या व्यक्तीला फोन करून कारण सांगा. दुसरी मुलांच्या कामाची नसते. तिला कार्यालयीन फाइलमध्ये जागा आहे. परिपाठात आठवड्यातून एकदा आलेल्या प्रतिक्रिया वाचून दाखवा आणि ज्याचं लेखन आहे त्यानंच उत्तर सांगायचं, तुम्ही टाइप करायचं.

गुण मात्र देऊ नका. ब्लॉगवरच्या नोंदीला श्रेणी लावलीत की पुढच्या आठवड्यात निबंधमाला परत येईल.

वर्षअखेरीस आणि बदलीच्या वेळी

शिक्षकांची बदली झाली आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, ब्लॉग तसाच अर्धवट उघडा राहिला, असं फार ठिकाणी घडतं. हे टाळण्यासाठी एप्रिलमध्ये पुढची कामं करा:

- ब्लॉगरच्या सेटिंगमधून संपूर्ण मजकुराची प्रत उतरवून शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा.
- प्रत्येक मुलाच्या नोंदी छापून किंवा हातानं उतरवून त्याच्या हाती द्या. रंगीत छपाईचा हट्ट नको.
- पाचवी संपवून शाळा सोडणाऱ्या मुलांना व पालकांना विचारा: लेखन ब्लॉगवर राहू द्यायचं की काढायचं?
- नव्या वर्गशिक्षकांना प्रशासक करा, पासवर्ड बदला आणि तो बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे सोपवा.
- नवे शिक्षक ब्लॉग चालवणार नसतील तर तो फक्त लेखकांपुरता मर्यादित करा. जोडीच्या शाळेला पत्र लिहून तसं कळवा, म्हणजे तिकडची मुलं जूनमध्ये उत्तराची वाट बघत बसणार नाहीत.